बोरीखालचा मासा

पहिल्या दिवशी मामांनी माझ्या तळहातावर एक दात ठेवला. मला तो चिंचोका वाटला. तसाच तांबूस काळा, तसाच गुळगुळीत, फक्त वरच्या अंगाला कंगोरे असलेला. हाताची बोटं थोडी फाकवून टेबलावर टेकवावीत, तसे ते कंगोरे एका कोपऱ्यातून निघून कडेपर्यंत गेले होते.

"काय हाय सांग," मामा म्हणाले.

 नव्या माणसासमोर माझं तोंड उघडत नसे.

"माशाचा दात हाय. माणूस जल्माला यायच्या आदी कितीतरी कोटी वर्सांचा. खाली पाडू नगंस. पाडलास तर आपल्या दोघांची नोकरी ह्यातच जाईल."

मामा म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागातले जुने शिपाई. मूळचे मुरगूडचे. माझे मालक त्याच कॉलेजच्या ऑफिसात शिपाई होते. ते काविळीनं गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. माझं शिक्षण चौथी. ऑफिसात माणसांची ये-जा फार, आणि कोणी काही विचारलं की माझी मान खाली जायची. शेवटी मला भूगर्भशास्त्राकडे दिलं. तिथं कपाटं भरून दगड होते. दगडांशी बोलावं लागत नाही. वय तिशीचं होतं तरी सगळे मला मावशी म्हणू लागले. मामा तेवढे पोरी म्हणत. त्याच दिवशी दुपारी त्यांनी माझ्या डब्यातली भाकरी न विचारता मोडून घेतली आणि स्वतःच्या डब्यातली चटणी माझ्याकडे सरकवली. आम्ही बौद्ध. मामांच्या वयाच्या माणसानं तसं करण्याचा अर्थ मला समजला होता. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

दात होते मॅडमचे. मॅडम त्या विभागात शिकवायच्या. पन्नाशीला आल्या होत्या, एकट्या राहायच्या. आपल्याकडचा दगड काळा, ज्वालामुखीतून आलेला. पन्हाळा घ्या नाहीतर जोतिबाचा डोंगर घ्या, सगळा तोच. त्यात मासा कुठला सापडायचा? म्हणून मॅडम हिवाळ्यात सुट्टी काढून चांद्याच्या पलीकडे, गोदावरीच्या खोऱ्यात जायच्या. तिथली माती लाल आहे आणि फार जुनी आहे. त्या काळाला ट्रायासिक म्हणतात. हा शब्द मला नीट म्हणता यायला बरेच दिवस लागले. मामा सोबत जात. मातीचे गोळे गोणपाटात बांधून, रेल्वेत मांडीवर घेऊन दोघं परत येत.

स्टाफरूममधले लोक चेष्टा करायचे. "मॅडम, मासळी बाजारात ताजी मिळते की. एवढ्या लांब कशाला जाताय?" मॅडम हसायच्या आणि आपल्या खोलीत निघून जायच्या.

त्या माशाबद्दल त्यांनीच मला काम करता करता सांगितलं. तो पाण्यात राहायचा, पण वर येऊन हवेतही श्वास घ्यायचा. उन्हाळ्यात नदी आटली तरी तग धरायचा. त्याच्या नात्यातले थोडे मासे लांबच्या देशांत अजून जिवंत आहेत. त्याच्या अंगातली बरीचशी हाडं कानाच्या पाळीसारखी मऊ होती, ती कुजून गेली. राहिले ते दात. वर दोन, खाली दोन, बाकी तोंडात विशेष काही नाही. एवढ्यावरून मासा ओळखायचा. कंगोरे किती, कोणता लांब, दोन कंगोऱ्यांमधली घळ किती खोल, आतला कोपरा कसा वळलेला. म्हातारा मासा असेल तर दात झिजून बोथट होतो, लहान असेल तर कंगोरे धारदार असतात. म्हणून नुसतं धारदार किंवा बोथट बघून जात ठरत नाही.

माझं काम गोळ्यातून दात मोकळा करायचं. गोळा पाण्यात भिजवायचा, माती सुटेल तेवढी मऊ ब्रशनं काढायची, मग भिंगाखाली धरून शिवणयंत्राच्या सुईनं कंगोऱ्यांच्या फटीतली लाल माती कणाकणानं उकरायची. सुई लाकडी दांडीत बसवलेली होती, ती मामांनी करून दिली होती. दात साफ झाला की तो काचेच्या बशीत ठेवायचा आणि त्याच्याखाली ठिकाणाची चिठ्ठी. मग मॅडम बघणार, आणि त्यांनी बघितल्यावर दाताच्या मागच्या अंगाला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईनं नंबर घालणार. नंबर घालेपर्यंत ती चिठ्ठी हीच दाताची ओळख.

मला हे काम आवडायचं. घरी गेल्यावर पोरांच्या डोक्यातल्या उवा काढतानाही हात तसाच हळू चालायचा.

मॅडम वर्णन लिहायच्या तेव्हा आधी एकेक वाक्य मोठ्यानं बोलायच्या. कंगोरे पाच. पहिला सगळ्यांत लांब. बाहेरची कड तुटलेली. एकदा मी धीर करून म्हणाले, "मॅडम, ही कड तुटली नसती तर अशी गोल आली असती न्हवं?" त्या म्हणाल्या, "आली असती बहुतेक. पण आपल्याला ती दिसली नाही. दिसली नाही ते लिहायचं नाही." रागानं नव्हतं म्हटलेलं. मला मात्र ते लक्षात राहिलं.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा सुमार असेल. त्या हिवाळ्यात त्यांनी दोन ठिकाणी खणलं होतं. एक बोरीच्या झाडाखाली आणि एक तिथून लांब, नाल्याच्या काठाला. चिठ्ठ्यांवर आम्ही तेवढंच लिहायचो, बोर आणि नाला. बोरीखालच्या गोळ्यातून वरच्या जबड्याचा एक दात निघाला. मॅडमनी तो भिंगाखाली धरला आणि दुपारचा चहा तसाच थंड झाला. मग कपाटातली सगळी जुनी वर्णनं काढून त्या चार दिवस वाचत बसल्या. त्यातल्या एकाशीही तो जुळत नव्हता.

"हा नवीन असेल, मावशी," त्या म्हणाल्या. "कोणीच न पाहिलेला. तसं ठरलं तर त्याला नाव द्यावं लागेल."

नाव द्यायचं म्हणजे काय हे तेव्हा मला कळलं. जो पहिल्यांदा नीट वर्णन करून छापतो त्यानं दिलेलं नाव राहतं, जगात सगळीकडे, कायमचं. मॅडमचं सारं आयुष्य या दातांत गेलं होतं. आजवर त्यांनी जे ओळखलं ते सगळं दुसऱ्यांनी आधीच नाव दिलेलं होतं. हा एकच त्यांचा होणार होता. पण एका मोठ्या संस्थेतल्या जाणकारांना त्यांनी चित्र पाठवलं तेव्हा उत्तर आलं, की नुसत्या वरच्या एका दातावर जात ठरवता येणार नाही, त्याच ठिकाणचा खालचा दातही दाखवा. बोरीखालचा एक गोळा अजून फोडायचा राहिला होता. सगळी आशा त्याच्यावर होती.

पावसाळा संपता संपता तो गोळा माझ्याकडे आला. नेमकं त्या वेळी मॅडमच्या आईला पुण्यात दवाखान्यात ठेवलं, म्हणून त्या रजेवर गेल्या. मी बोरीचा गोळा साफ केला. आत खालच्या जबड्याचा दात होता. त्याच आठवड्यात नाल्याच्या एका गोळ्यातूनही खालचा दात निघाला. एकाचे कंगोरे धारदार आणि आतल्या कडेला एक बारीक खाच. दुसरा जाड, बोथट. दोन्ही मी बशांत ठेवले, खाली आपापली चिठ्ठी ठेवली, आणि मॅडम आल्या की दाखवायचं म्हणून फडकं झाकलं.

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्यातली माणसं दीक्षाभूमीला जातात. मी कधी गेले नव्हते. त्या वर्षी वस्तीतल्या बायका म्हणाल्या, चल, किती दिवस घरात बसणार. रजेचा अर्ज मामांनीच लिहून दिला.

"जा बिनघोर," ते म्हणाले. "हितलं मी बघतो."

परत आले तेव्हा मामा दारातच उभे होते. अंगात इस्त्रीचा सदरा.

"ये ये. हात-पाय धू आन् मग आत ये. मॅडम उद्या येणार हाईत, त्यास्नी दावायचं म्हणून काय हलवलं न्हाय."

खंडेनवमीला कॉलेजात सगळीकडे हत्यारांची पूजा व्हायची. ऑफिसात टाइपरायटरची, वर्कशॉपमध्ये लेथची. आमच्या विभागात हातोडे, छिन्न्या, सूक्ष्मदर्शक, तराजू. मामांचा वर्षातला तो सगळ्यात मोठा दिवस. त्या वर्षी आई आजारी म्हणून मॅडम खचल्या होत्या, तर त्यांच्या माशालाही यश यावं असं मामांच्या मनात आलं. त्यांनी लांब टेबलावर तांबडं कापड अंथरलं होतं. मधोमध हातोडा, त्याला झेंडूची माळ. आणि दोन्ही बाजूंना ओळीनं मॅडमचे सगळे दात, दोन-दोन करून मांडलेले. कुंकू दातांवर नव्हतं, दातांपुढं कापडावर वाहिलं होतं. डाग पडेल म्हणून. तेवढी काळजी त्यांनी घेतली होती. काचेच्या बशा राखेनं घासून, उन्हात वाळवून ठेवलेल्या चकाकत होत्या.

मी बघतच राहिले. मामांना वाटलं मला आवडलं.

"एकेकटं पडलं हुतं बिचारं. पूजेला कोण एकटं बसतंय व्हय? जोडीनं बसावं लागतं. म्हणून ज्येला ज्यो शोभंल त्येच्याशी जोडी लावली."

"चिठ्ठ्या?" मी विचारलं.

"ह्या की. एकबी हरवली न्हाय. दोऱ्यानं बांधून ठेवल्यात."

त्यांनी खिशातून पुडकं काढून दाखवलं.

"मामा, बोरीचा खालचा दात कुठल्या बशीत होता?"

"बशीत म्हंजे... समदं घमेल्यात पाण्यात घातलं की, मग पुसून..." बोलता बोलता ते थांबले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिथंच स्टुलावर बसले. मामा हळूहळू खाली वाकले, एका बशीवर फुलाची पाकळी पडली होती ती उचलली, आणि ती कुठं ठेवावी हे त्यांना समजेना.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. मामांनी स्वतःच सगळं सांगितलं, मान खाली घालून. मॅडम खुर्चीवर बसल्या. त्यांनी ते तांबडं कापड, बशा, फुलं सगळं पाहिलं. ओरडतील असं वाटलं होतं. "आधी फुलं काढू या," एवढंच त्या म्हणाल्या.

नंबर घातलेले दात लगेच आपापल्या जागी गेले. राहिले ते नव्यानं साफ केलेले. त्यातले काही मी ओळखले, कारण एकाचा साफ करताना माझ्या हातून टवका उडाला होता, एक मी दोनदा चिकटवला होता. मामांनी लावलेल्या जोड्यांत काही ठिकाणी दोन्ही दात वरचेच होते, एका ठिकाणी एक डावा मोठा आणि एक अगदी लहान पोराचा. शेवटी दोनच उरले, खालच्या जबड्याचे ते दोन. एक बोरीचा, एक नाल्याचा. कोणता कोणाचा हे सांगता येईना. मॅडमच्या वहीत ठिकाणं होती, पण ती टिपली तेव्हा दात मातीच्या गोळ्यात होते. मोकळे झालेले दात कोणत्या बशीत आहेत ते फक्त मी पाहिलं होतं.

दोन्हीकडची माती सारखीच लाल. तरी मॅडमनी विचार केला, की फटीत एखादा कण राहिला असेल तर त्याची तपासणी करता येईल. त्यांनी दोन्ही दात भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिले. मी एक कणही शिल्लक ठेवला नव्हता. "किती सुंदर साफ केलेत गं," त्या म्हणाल्या आणि भिंग बाजूला ठेवलं.

विभागाचे प्रमुख, त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, त्यांना यात काही अडचण वाटत नव्हती. बोरीचा वरचा दात धारदार आहे, तेव्हा खालचा धारदार तोच बोरीचा. "उघड दिसतंय. मावशींनी साफ केलेत, मावशी सांगतील. सांगा हो मावशी."

मी उद्या सांगते म्हणाले.

मॅडमनी मला ते दोन्ही दात देऊन खोलीत एकटीला बसवलं. म्हणाल्या, घाई नाही, आठव. मी तसंच करून पाहिलं. डाव्या हातात धरले, सुई उचलली, भिंग ओढलं. फडकं आठवलं, निळ्या काठाचं. खिडकीतून येणारं ऊन आठवलं. बोरीचा गोळा फोडताना आनंद झाला होता तो आठवला. दात आठवेना. नाल्याचा दात निघाला तेव्हा थोरल्या मुलाला ताप होता, त्या दोन दिवसांत मी काय काय कुठं ठेवलं ते सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं.

सुट्टी झाल्यावर नळावर बशा धुताना मामा जवळ आले.

"पोरी, म्हण की, ह्योच बोरीचा."

"मला आठवत न्हाय मामा."

"आठवत न्हाय तर न्हाय. मोठं सर म्हणत्यात त्योच हाय. मॅडमच्या मनातबी त्योच असणार. तू नुस्तं व्हय म्हणायचं. मासा काय उठून न्हाय म्हणणार हाय?"

एरवी मी हसले असते.

"चैतात मी रिटायर हुतोय," मामा म्हणाले. "गोदावरीच्या उन्हात त्या बाईसंगट मी माती उकरलीया. हमाल करंल तसं गोळं वाहिल्यात. आन् जाताना हे करून जाऊ? तुज्या एका शब्दाचं काम हाय."

मी बशी धुतच राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

घरी जाताना सिटी बस सोडून मी चालत गेले. मामांचं बोलणं खोटं नव्हतं. कोणाचं नुकसान होणार होतं? मॅडमचं काम होणार होतं, मामांच्या डोक्यावरचा भार उतरणार होता, आणि तो मासा तर कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला. माझ्या शब्दाला आयुष्यात पहिल्यांदा एवढी किंमत आली होती. पण मी डोळ्यांपुढे ती बशी आणायची आणि दर वेळी तिच्यात वेगळा दात असायचा. जो हवा असेल तो. हवा तो दात दिसतो हेच मला भिववत होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत मोठे सर बसले होते. मामा दाराबाहेर होते, त्यांच्या चपला मला दिसत होत्या.

"मावशी, खात्री असेल तरच सांग," मॅडम म्हणाल्या. "बहुतेक नको."

"न्हाय," मी म्हणाले. "खात्री न्हाय."

"अहो, जरा आठवून बघा की," मोठे सर म्हणाले.

"बघितलं."

"मॅडमचं काम व्हावं असं वाटत नाही का तुम्हाला?"

 मॅडमच म्हणाल्या, "सर, तिला तसं विचारू नका."

"मग तुम्ही ठरवा. समोर दिसतंय ते. धारदाराला धारदार."

मॅडमनी दोन्ही दात एका बशीत घेतले. "दिसायला जुळतात म्हणून मी जोडी लावली, तर मामांनी केलं तेच मी केलं असं होईल. त्यांनी निदान पूजेसाठी केलं."

दाराबाहेरच्या चपला हलल्या आणि निघून गेल्या.

त्या दिवशी मॅडमनी स्वतःच्या हातानं एक चिठ्ठी लिहिली, ठिकाण निश्चित नाही, आणि ती दोन्ही दातांच्या बशीत ठेवली. लेख त्यांनी नंतर छापला. त्यात बोरीच्या वरच्या दाताचं वर्णन होतं, चित्र होतं, आणि जातीच्या जागी निश्चित नाही असंच होतं. खालच्या दोन दातांबद्दल काय घडलं तेही त्यांनी लिहिलं. फक्त कोणामुळे ते लिहिलं नाही. साफसफाईत ठिकाणाची नोंद सुटली, एवढंच.

मामा चैत्रात रिटायर झाले. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. मॅडमही बोलल्या. गोदावरीच्या काठी पाणी संपलं होतं तेव्हा मामांनी आपली बाटली त्यांना देऊन स्वतः कोरड्या घशानं गोळे वाहिले, ते त्यांनी सांगितलं. मामा शालीच्या टोकाशी चाळा करत होते. जाताना ते दातांच्या कपाटापाशी गेले नाहीत.

मॅडम पुन्हा त्या ठिकाणी गेल्या. एकदा नाही, जमेल तेव्हा. पण बोरीचं झाड तोडून तिथं कापसाचं शेत झालं होतं, माती नांगरली गेली होती. रिकाम्या हातानं आल्या की त्या पहिल्यांदा मला म्हणायच्या, "नाही मिळालं, मावशी," जशी काही मीच त्यांची वाट बघत होते. बघतच होते.

मामा वर्षातून एकदा तरी बाजाराला कोल्हापूरला यायचे आणि कॉलेजच्या फाटकापाशी थांबायचे. आत यायचे नाहीत. मला निरोप पाठवायचे. मी गेले की विचारायचे, "बारसं झालं का त्या पोराचं?" मी म्हणायची, "न्हाय अजून." मग ते पोरांची चौकशी करायचे आणि एसटी गाठायला निघायचे. पुढं पुढं त्यांचं येणं थांबलं. अर्धांगानं पडले असं कळलं.

अशी बरीच वर्षं गेली. दोन हजार साल उलटलं. मॅडमचे केस पांढरे झाले, निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. विभागात कॉम्प्युटर आला होता, लेख आता त्यावर येत. एक दिवस मॅडमनी मला हाक मारली. टेबलावर छापून काढलेले कागद होते. वर एका जबड्याचं चित्र. त्याच खोऱ्यात, बोरीपासून बऱ्याच अंतरावर, दुसऱ्या संस्थेतल्या लोकांना एकाच गोळ्यात वरचे-खालचे दात अखंड मिळाले होते. त्यांनी वर्णन करून नाव दिलं होतं. ते नाव मॅडमनी मला वाचून दाखवलं. मला म्हणता आलं नाही.

"चांगलं केलंय काम," मॅडम म्हणाल्या. "नीट केलंय." मग म्हणाल्या, "ती बशी काढ."

मी कपाट उघडलं. वरचा दात आणि खालचे दोन असे तिन्ही त्यांनी चित्राशेजारी ठेवले. वरचा तोच होता, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. खालच्या दातांपैकी धारदार होता त्याच्या आतल्या कडेची खाच चित्रातही होती. लेखात त्या खाचेवर अख्खा एक परिच्छेद होता, या जातीची खूण म्हणून. मॅडमनी बोथट दात उचलून बशीत परत ठेवला. 

मला बोलायचं नव्हतं, पण बोलले. "मामांनी हीच जोडी लावली होती."

"काय?"

"पूजेला. हातोड्याच्या डाव्या अंगाला तिसरी. हा वरचा आणि हाच खालचा. पुढं झेंडूचं फूल होतं."

"हे तुला आठवतं."

"हे आठवतं."

मॅडम हसल्या. त्या वेळी मला ते हसणं बघवलं नाही, आता वाटतं ते खरंच हसणं होतं. "मामांना सांगायला हवं," त्या म्हणाल्या. "मी गेले तर ते उठून उभं राहायला बघतील. तू जा."

रविवारी मी मुरगूडला गेले. मामांचं घर विचारत विचारत सापडलं. मामी दारात भुईमुगाच्या शेंगा निवडत होत्या. "कुठलं पावणं?" म्हणाल्या, आणि कॉलेजचं नाव काढल्यावर हात धरून आत घेऊन गेल्या. मामा खाटेवर बसले होते. एक हात मांडीवर पडलेला. मला बघून त्यांनी चांगल्या हातानं खाटेवर जागा दाखवली.

"बारसं झालं?" पहिलं वाक्य तेच.

"झालं मामा."

"मॅडमनी?"

"न्हाय. दुसऱ्या लोकांनी. त्यांना सबंध जबडा सापडला."

मामांनी मान हलवली. बाहेर मामींच्या सुपात शेंगा पडल्याचा आवाज येत होता.

"तुमी लावलेली जोडी बरोबर होती," मी म्हणाले. "बोरीच्या दाताची. जशी तुमी मांडली होती तशीच छापून आलीया."

 मग त्यांचा चेहरा एका बाजूनं हसला, दुसरी बाजू हलत नव्हती.

"मग मला इचारायचं की."

मामी बाहेरून म्हणाल्या, "आजवर तुमास्नी इचारून कुणाचं भलं झालंय?" आणि चहा ठेवायला गेल्या.

 चहा आला, मी त्यांना बशीत ओतून दिला, त्यांनी चांगल्या हातानं बशी धरली.

"म्हंजे तवा तू व्हय म्हणाली असतीस, तर खरंच झालं असतं."

"व्हय."

"आन् नाव मॅडमचं लागलं असतं."

"व्हय."

"तरी न्हाय म्हणालीस."

"मला आठवतच नव्हतं मामा."

त्यांनी बशी खाली ठेवली. "व्हय," ते म्हणाले. "मलाबी ठावं नव्हतं. मी आपलं शोभंल तसं मांडलं हुतं."

निघताना त्यांनी मामींना सांगून मला शेंगांची पिशवी दिली, आणि दुसरी मॅडमसाठी. एसटीत दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन मी बसले.

त्याच पावसाळ्यात मामा गेले. मॅडम निवृत्त होऊन पुण्याला गेल्या. जायच्या आधी त्यांनी त्या धारदार दाताला नंबर घातला आणि जातीचं नाव लिहिलं, दुसऱ्यांनी दिलेलं. ठिकाणाच्या चिठ्ठीला मात्र हात लावला नाही. दात त्या जातीचा आहे हे आता माहीत होतं. तो बोरीखालून आला हे अजूनही कोणाला खात्रीनं सांगता येत नव्हतं.

ते कपाट अजून माझ्याकडे आहे, माझी नोकरी संपेपर्यंत राहील. खंडेनवमीला आता नवीन शिपाई फक्त हातोड्याला माळ घालतो. दिवसातून कधी तरी, हात रिकामा असला की, मी डोळे मिटून बघते. तांबडं कापड दिसतं, झेंडू दिसतो, जोडी दिसते. त्याच्या आधीची बशी दिसते, निळ्या काठाचं फडकं दिसतं. मी ते फडकं उचलते. खाली चिठ्ठी असते, बोर असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. तिच्यावरचा दात मला अजून दिसलेला नाही.